रूट भरलेलं, होम रिकामं : लिनक्स टाकताना पार्टिशनचं गणित चुकलं तर

विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून काही महिने झालेले असतात आणि सगळं सुरळीत चालू असतं. मग एक दिवस कोपऱ्यात सूचना येते, रूट फाइलसिस्टिमवर जागा कमी आहे. बहुतेक जण ती बंद करून कामाला लागतात. पुढे अपडेट मध्येच थांबतं, 'डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही' असा संदेश येतो, आणि शेवटी पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा पुन्हा समोर येऊन उभा राहतो. मग फोन येतो : "भाऊ, लॅपटॉप आतच जाऊ नाही देऊन राहिला. जागा संपली म्हणते, पण माझ्याजवळ त दीडशे जीबी रिकामी आहे!"

दीडशे जीबी रिकामी असते हे खरं आहे आणि जागा संपली हेही खरं आहे. रिकामी आहे ती होम नावाच्या पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या एका वेगळ्या भागात. भरलंय ते रूट, म्हणजे जिथं ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः राहते ते.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले, तेव्हापासून नागपुरात ही तक्रार जास्त ऐकू येते. सीताबर्डीहून घेतलेला, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला सहाव्या पिढीच्या इंटेलचा लॅपटॉप अजून चांगला दणकट असतो, पण विंडोज ११ त्याला स्वीकारत नाही. मग कुणीतरी लिनक्स सुचवतं. महालात डीटीपी करणारे, सिव्हिल लाइन्समध्ये वकिलांचे कागद टाइप करून देणारे, हिंगणा रोडच्या कॉलेजांतली मुलं, सगळे याच वाटेनं येतात आणि बरेच जण एकाच ठिकाणी अडकतात. म्हणून आधी अडकलेलं मशीन कसं सोडवायचं ते लिहितो, आणि मग मुळातच अडकू नये म्हणून काय करायचं ते.

आधी खात्री करा

टर्मिनल उघडून डीएफ -एच ही आज्ञा द्या. (इथं आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजीतली लहान अक्षरं वापरा.) शेवटच्या रकान्यात नुसती एक तिरकी रेघ असलेली ओळ म्हणजे रूट. तिथं ९५ टक्क्यांच्या वर आणि होमच्या ओळीत वीस-तीस टक्के दिसत असेल, तर ही तीच अडचण. होमची वेगळी ओळच नसेल तर होम रूटच्या पोटात आहे आणि जागा खरोखरच भरली आहे. मग खाली दिलेल्या साफसफाईखेरीज फोटो, सिनेमे आणि जुने डाउनलोड बाहेरच्या डिस्कवर हलवणं हाच उपाय.

एक वेगळी शक्यता पाहून ठेवा. रूटमध्ये जागा दिसते, तरी 'जागा नाही' असा संदेश येतो. तेव्हा डीएफ -आय द्या. फाइलसिस्टिममध्ये आयनोडची, म्हणजे एकूण किती फाइल ठेवता येतील याची, मर्यादा वेगळी असते. लाखो बारीक फाइल झाल्या की ती आधी संपते. वेब प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांच्या मशीनवर हे दिसतं.

वापरलेली आणि शिल्लक जागा मिळवली तर एकूण आकड्याशी जुळत नाही, हे पाहूनही लोक घाबरतात. लिनक्सची नेहमीची ईएक्सटी४ फाइलसिस्टिम सहसा ५ टक्के जागा प्रशासक वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. त्या राखीव जागेमुळेच भरलेल्या मशीनमध्ये अजून काहीतरी करता येतं.

आत जाताच येत नसेल तर

लॉगिनच्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळा पडदा येईल. तिथं नाव आणि पासवर्ड द्या (पासवर्डची अक्षरं दिसत नाहीत, टाइप करत राहा). तोही येत नसेल तर मशीन सुरू होताना ग्रबच्या, म्हणजे कुठली सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीतून प्रगत पर्याय आणि त्यातला रिकव्हरी मोड निवडा.

आता साफसफाई. यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी सुडो एपीटी क्लीन ('सुडो' म्हणजे आज्ञा प्रशासक म्हणून चालवणं). यानं डाउनलोड करून ठेवलेल्या पॅकेजच्या फाइल जातात, आणि या कामाला स्वतःला जागा लागत नाही. मग सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम (आकडाही इंग्रजी, आणि हा 'एम' तेवढा मोठ्या लिपीतला). सिस्टिमच्या नोंदी मुळातच डिस्कच्या १० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ४ जीबी, वाढू दिलेल्या असतात. लहान रूटमध्ये त्या सहज एक-दोन जीबी खातात. थोडी जागा झाली की मगच सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज. ही आज्ञा जुने कर्नल, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या, काढते, पण त्या दरम्यान मशीन सुरू होताना लागणाऱ्या काही फाइल नव्यानं बांधल्या जाऊ शकतात आणि त्यासाठी मोकळी जागा लागते. म्हणून ती पहिली दिली तर मध्येच अडकू शकते.

मिंटवर सर्वांत मोठा घास बहुधा टाइमशिफ्टचा असतो. टाइमशिफ्ट चांगलं साधन आहे, मी प्रत्येकाला लावायला सांगतो. पण दुसरी जागा दाखवली नाही तर ते सिस्टिमची प्रत रूटमध्येच ठेवतं, आणि पहिली प्रत जवळपास सिस्टिमएवढीच भरते. सुडो टाइमशिफ्ट --लिस्ट देऊन यादी पाहा आणि जुन्या प्रती --डिलीटनं काढा. त्या हातानं काढू नका.

बूट आणि व्हार या फोल्डरांमधल्या फाइल हातानं पुसणं पूर्णपणे टाळा. "लॉग आहे न, उडवून दिला" म्हणत कुणी व्हारमधलं पॅकेजांचं रजिस्टरही उडवतं, आणि मग पुन्हा इन्स्टॉल केल्याशिवाय गत्यंतर उरत नाही.

जागा गेली कुठं

आत शिरता आलं की डिस्क युसेज अनालायझर उघडा. चित्रातूनच कळतं. टर्मिनल आवडत असेल तर सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ आणि पुढे रूटची तिरकी रेघ. 'एक्स' विसरू नका. तो नसेल तर होम आणि बाहेरच्या डिस्काही मोजल्या जातात आणि आकडे दिशाभूल करतात.

बहुतेक वेळा बोट व्हारकडे वळतं. फ्लॅटपॅक या पद्धतीनं टाकलेली ॲप व्हार-लिब-फ्लॅटपॅकमध्ये बसतात. ॲपला चालायला लागणारा रनटाइम, म्हणजे सामायिक फाइलींचा संच, ॲपशिवाय वेगळा उतरतो, तो शेकडो एमबीचा असतो, आणि दोन ॲपना वेगवेगळ्या आवृत्त्या हव्या असतील तर दोन्ही राहतात. महालातल्या एका डीटीपीच्या दुकानात इंकस्केप, गिंप आणि स्क्रायबस एवढीच तीन ॲप होती. पण रनटाइम धरून त्यांनी २५ जीबीच्या रूटचा मोठा हिस्सा घेतला होता. फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड दिल्यावर नको असलेले रनटाइम गेले आणि मशीन मोकळं झालं. उबुंटूवर स्नॅप हेच करतं, प्रत्येक ॲपची मागची आवृत्तीही सांभाळून ठेवतं. डॉकर शिकणाऱ्यांच्या प्रतिमा (प्रोग्रामचे तयार गठ्ठे) व्हारमध्येच साठतात. सर्व्हर शिकायला घेतलेल्यांचा डेटाबेसही व्हारमध्येच.

एक कारण सापडायला फार अवघड असतं. रात्रीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर जाईल असं लावलेलं असतं. एके रात्री ती डिस्क जोडलेलीच नसते. पण ज्या फोल्डरवर ती जोडली जाते तो फोल्डर रूटमध्ये असतोच, म्हणून बॅकअप मुकाट्यानं तिथं लिहिला जातो. दुसऱ्या दिवशी डिस्क जोडली की ती त्याच फोल्डरवर बसते आणि आधी लिहिलेलं सगळं तिच्याखाली झाकलं जातं. कुठल्याही साधनात ते दिसत नाही, जागा मात्र गेलेली असते. डीएफचा आकडा आणि डीयूची बेरीज यात मोठी तफावत दिसली तर सगळ्या बाहेरच्या डिस्का काढून पुन्हा मोजा. तरीही तफावत राहिली, तर एखादी पुसलेली फाइल चालू प्रोग्रामनं अजून धरून ठेवलेली असते, आणि मशीन रीस्टार्ट केलं की ती जागा सुटते.

हे पुन्हा पुन्हा का होतं

साफसफाईनं दोन-तीन महिने निघतात आणि मग तोच फोन. मूळ कारण इन्स्टॉल करतानाच्या निर्णयात आहे.

आपल्याकडे संगणकाच्या दुकानातून मशीन घेतलं की डिस्क आधीच वाटलेली मिळायची. सी मध्ये विंडोज, डी मध्ये काम, ई मध्ये गाणी-सिनेमे. वर सल्ला मिळायचा की सी ला हात लावायचा नाही, सगळं डी वर ठेवायचं. विंडोजसाठी ही सवय वाईट नाही. कितीतरी जणांचा डेटा तिनं वाचवला आहे. तिथं इन्स्टॉल करताना बरेचदा 'कुठं टाकू?' असं विचारलंही जातं आणि मोठा प्रोग्राम डी वर टाकता येतो.

लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये 'काहीतरी वेगळं' (समथिंग एल्स) हा हातानं पार्टिशन आखण्याचा पर्याय उघडला की तीच सवय हाताला येते. रूट म्हणजे सी समजून त्याला २० जीबी, होम म्हणजे डी समजून त्याला उरलेलं सगळं. शिवाय मिंटची किमान गरज २० जीबी लिहिलेली असते, म्हणून आकडाही बरोबर वाटतो. त्याच ओळीत १०० जीबी असावी अशी शिफारसही आहे, तिकडं लक्ष जात नाही.

पण लिनक्समध्ये सी-डी नाहीत. एकच झाड आहे, रूटपासून सुरू होणारं, आणि पार्टिशन त्याच्या फांद्यांवर जोडलेली असतात. सॉफ्टवेअर टाकताना कुणी जागा विचारत नाही. पॅकेज यूएसआरमध्ये जातं, त्याचा साठा व्हारमध्ये, नोंदी व्हारमध्ये, स्वॅप फाइलही (रॅम कमी पडली की वापरायची जागा) बहुधा रूटमध्येच. होममध्ये जातात फक्त तुमची कागदपत्रं, चित्रं आणि ॲपच्या तुमच्यापुरत्या सेटिंग. ऑफिसचं काम करणाऱ्याची कागदपत्रं सहसा ३० जीबीही भरत नाहीत, आणि सॉफ्टवेअर वर्षभरात ४० जीबीच्या पुढे जाऊ शकतं. म्हणजे वाढणारा भाग लहान खोलीत कोंडलेला आणि न वाढणाऱ्याला आख्खा हॉल दिलेला.

म्हणून माझं ठाम मत आहे : जी ऑपरेटिंग सिस्टिम आपण वापरलेली नाही, तिच्यात पहिल्याच दिवशी हद्दी आखू नयेत. ती कुठं काय ठेवते हे वापरल्याशिवाय कळत नाही, आणि आखलेली हद्द नंतर हलवणं हे या सगळ्यातलं सर्वांत जोखमीचं काम आहे.

कायमचा उपाय

आधी एलएसबीएलके -एफ देऊन किंवा जीपार्टेड या पार्टिशनच्या साधनात पाहून पार्टिशनचा क्रम कागदावर काढा. डावीकडून उजवीकडे, जसं डिस्कवर आहे तसं. पुढचं सगळं या क्रमावर ठरतं.

रूटच्या लगेच उजवीकडे मोकळी, कुणालाही न दिलेली जागा असेल तर तुमचं काम सोपं आहे. लाइव्ह यूएसबीवरून (जिच्यावरून लिनक्स टाकली त्या पेन ड्राइव्हवरून) मशीन सुरू करा, जीपार्टेड उघडा, रूटची उजवी कड पुढे ओढा आणि लागू करा. काही मिनिटांचं काम. चालू सिस्टिममधून हे करायला जाऊ नका, जोडलेलं पार्टिशन जीपार्टेड कुलूप लावून दाखवतं.

पण बहुतेकांकडे रूटच्या उजवीकडे होम असतं. होम उजवीकडून लहान केलं तर मोकळी जागा होमच्या पलीकडे तयार होते, रूटला ती मिळत नाही. ती मिळवायची तर होमची सुरुवातच सरकवावी लागते, म्हणजे आतला सगळा डेटा डिस्कवर हलतो. जुन्या हार्ड डिस्कवर याला कित्येक तास लागतात आणि मध्ये वीज गेली तर पार्टिशन हातचं जाऊ शकतं. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी, पंचेचाळीसच्या उन्हात, गल्लीतले सगळे कूलर आणि एसी चालू असताना हे काम सुरू करणं म्हणजे डेटा पणाला लावणं. डेस्कटॉपचा साधा यूपीएस काही मिनिटंच तग धरतो, तो तासांच्या कामाला पुरत नाही. लॅपटॉपची बॅटरी जुनी असेल तर तिचाही भरवसा धरू नका.

म्हणून मी सरकवण्याच्या भानगडीत न पडता दुसरा रस्ता सुचवतो. होममध्ये डेटा कमीच असतो, तीच तर तक्रार आहे. तो सगळा बाहेरच्या डिस्कवर घ्या. ती डिस्क ईएक्सटी४ ची असावी, नाहीतर टार फाइल (सगळ्या फाइलींचा एकच गठ्ठा) बांधून घ्या, म्हणजे फाइलींचे मालक आणि परवानग्या टिकतात. लपलेल्या, टिंबानं सुरू होणाऱ्या फाइलही घ्या. प्रत उघडून तपासा. मग लाइव्ह यूएसबीवरून होमचं पार्टिशन काढून टाका, मोकळी झालेली जागा रूटला द्या, आणि डेटा रूटच्या आतल्या होम फोल्डरमध्ये परत टाका. सकाळी लवकर सुरू केलं तर ऊन चढायच्या आत होतं.

यात एक पायरी लोक हमखास चुकवतात. ईटीसीमधल्या एफएसटॅब फाइलीत होमच्या पार्टिशनची ओळ असते. तिच्या सुरुवातीला हॅश चिन्ह लावून ती निष्क्रिय करा. तशीच ठेवली तर पुढच्या वेळी मशीन त्या नसलेल्या पार्टिशनची दीड मिनिट वाट पाहतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबतं. लोकांना वाटतं सगळं बिघडलं. तसं झालंच तर त्या पडद्यावरूनही एफएसटॅब दुरुस्त करता येते.

पार्टिशनला हात लावायचाच नसेल तर वाढणाऱ्या गोष्टी होममध्ये पाठवा. फ्लॅटपॅकची ॲप --यूजर लावून टाकली की ती होममध्ये जातात. डॉकरच्या जुन्या आवृत्त्यांची जागा त्याच्या डीमन फाइलीत डेटा-रूट या ओळीनं बदलता येते. टाइमशिफ्टला बाहेरची डिस्क दाखवा, मात्र ती ईएक्सटी४ सारख्या लिनक्सच्या फाइलसिस्टिमची हवी, विंडोजची एनटीएफएस चालत नाही. एवढं केलं तर २५ जीबीचं रूटही बरंच टिकतं.

इन्स्टॉल करताना एलव्हीएम (डिस्कची जागा एका गटात धरून गरजेप्रमाणे वाटणारी पद्धत) निवडलं असेल आणि त्या गटात जागा मोकळी असेल तर तुम्ही सुटलात. उबुंटू सर्व्हर टाकणाऱ्यांनी हे जरूर पाहावं. त्याचा इन्स्टॉलर बरेचदा मोठ्या डिस्कचा एक भागच रूटला देतो आणि उरलेला गटात मोकळा ठेवतो. एलव्हीएक्सटेंड -आर नं ती जागा चालू सिस्टिममध्येच रूटला मिळते.

नव्यानं टाकत असाल तर

डिस्कचा खरा आकार मनात धरा. २५६ जीबीची एसएसडी २३८ दिसते, ५१२ ची ४७६, १ टीबीची ९३१. दुकानदारानं फसवलेलं नसतं, मोजण्याच्या दोन पद्धती आहेत.

२५६ जीबीवर विंडोजही ठेवायचं असेल तर विंडोजला १२०-१३० ठेवून उरलेलं सगळं एका रूटला द्या. वेगळं होम नको, वेगळं बूट नको. "होम वेगळं असलं की पुन्हा इन्स्टॉल करताना डेटा वाचतो" हे बरोबर आहे, पण डेटाचा बॅकअप बाहेर असेल तर तो फायदा फार उरत नाही. आणि बॅकअप नसेल तर वेगळं होमही डिस्क मेल्यावर वाचवत नाही.

५१२ वर होम वेगळं हवंच असेल तर रूटला ८० ते १०० जीबी द्या, त्याच्या उजवीकडे ३०-४० जीबी मुद्दाम मोकळी सोडा, आणि मग होम बनवा. मधली मोकळी जागा वाया गेल्यासारखी दिसते. पण वर्षभरानं रूट वाढवायचं झालं तर तीच उपयोगी पडते, आणि होम वाढवायची वेळ आली नाही तर तिनं तुमचं काही अडवलेलं नसतं.

जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी बसणाऱ्या चौकटीत, म्हणजे कॅडीत, हार्ड डिस्क आणि मूळ जागी नवी एसएसडी, अशी जोडणी आपल्याकडे फार होते. तिथं रूट आणि होम दोन्ही एसएसडीवर ठेवा आणि हार्ड डिस्क फक्त साठवणीला जोडा. आख्खं होम हार्ड डिस्कवर नेलं की ब्राउझरचा साठा आणि ॲपच्या सेटिंगही तिकडे जातात आणि एसएसडी लावूनही मशीन रेंगाळतं. साठवणीची डिस्क विंडोजमधूनही वापरायची असेल तर एनटीएफएस ठीक आहे. होम मात्र कधीही एनटीएफएसवर नको, लिनक्सच्या परवानग्या तिथं नीट राहत नाहीत.

स्वॅपचं वेगळं पार्टिशन आता बहुतेकांना लागत नाही, उबुंटू २०१७ पासून स्वॅप फाइल वापरते. हायबरनेट हवं असेल तर मात्र रॅमएवढी स्वॅप धरा, आणि ती फाइल असेल तर रूटच्या हिशेबात मिळवा.

संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय निवडला तर बूटचं छोटं पार्टिशन वेगळं बनतं. तिथं प्रत्येक नव्या कर्नलबरोबर जागा कमी होत जाते. स्वतः बनवत असाल तर १ जीबीपेक्षा कमी ठेवू नका, आणि चालू कर्नल व त्याच्या आधीचा एक सोडून बाकीचे वेळोवेळी काढत जा.

लिनक्सचीच फेडोरा ही आवृत्ती निवडली तर हा सगळा हिशेब हलका होतो. २०२० च्या फेडोरा ३३ पासून तिचं डेस्कटॉप बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमवर बसतं आणि रूट व होम एकाच साठ्यातून जागा घेतात, त्यांच्यात हद्दच नसते. फ्रीबीएसडी ही वेगळी सिस्टिम करून पाहणाऱ्यांना झेडएफएस या फाइलसिस्टिममध्ये हेच मिळतं. पण सांभाळा, फ्रीबीएसडीचा आपोआप झेडएफएस हा पर्याय पूर्ण डिस्क घेतो. शेजारी विंडोज असेल तर तो निवडू नका.

इन्स्टॉलरच्या आधी, विंडोजमध्ये

विंडोज ठेवणाऱ्यांसाठी हा भाग आहे, आणि इथं चूक झाली तर डेटाच जातो.

फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही, एनटीएफएस अर्धवट अवस्थेत राहतं आणि लिनक्स ते फक्त वाचण्यापुरतं जोडतं. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का पाहा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर किंवा फोनमध्ये घ्या, कारण बूटच्या सेटिंग बदलल्या की विंडोज ती मागू शकतं.

सी लहान करायचं ते विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून. शंभर जीबी रिकामी असूनही ते दहाच सोडायला तयार होत असेल तर मध्ये न हलणाऱ्या फाइल आहेत. हायबरनेशन, पेज फाइल आणि सिस्टिम रिस्टोर तात्पुरते बंद करा, रीस्टार्ट करा, पुन्हा प्रयत्न करा. मोकळी झालेली जागा तशीच सोडा. तिथं विंडोजमधून नवं पार्टिशन बनवू नका.

सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोड पाहा, यूईएफआय की लेगसी. लिनक्सची यूएसबी त्याच मोडमध्ये सुरू झाली पाहिजे. बूटच्या यादीत तीच यूएसबी दोनदा दिसते, एकदा यूईएफआय शब्दासह. वेगळ्या मोडमध्ये टाकलं तर दोन्ही सिस्टिम डिस्कवर असतात, पण ग्रबमध्ये विंडोज दिसत नाही.

लेगसी मोडच्या जुन्या मशीनवर पार्टिशनची यादी ठेवणारा जुन्या पद्धतीचा एमबीआर तक्ता असतो आणि त्यात चारच प्रायमरी पार्टिशन बसतात. सिस्टिम रिझर्व्ह्ड, सी, डी आणि रिकव्हरी मिळून चार झाली की मोकळी जागा असूनही लिनक्सचा इन्स्टॉलर ती 'वापरण्याजोगी नाही' म्हणतो. डी मधला डेटा बाहेर काढा, डी काढून टाका आणि त्या जागी एक्सटेंडेड पार्टिशन करून त्यात लॉजिकल पार्टिशन बनवा. लिनक्स लॉजिकलवरूनही व्यवस्थित चालतं. पाचवं पार्टिशन करायला गेल्यावर विंडोज 'डिस्क डायनॅमिक करू का?' असं विचारतं. नाही म्हणा. एकदा ती डायनॅमिक झाली की लिनक्स टाकणं फार अवघड होतं.

नव्या लॅपटॉपवर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये बहुधा इंटेलचं आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळण्याची सेटिंग) चालू आहे. ते एएचसीआयवर आणावं लागतं, पण थेट बदललं तर विंडोज निळा पडदा दाखवतं. आधी एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट लावा, मग बायोसमध्ये बदला, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या आणि सेफ बूट काढा.

इन्स्टॉलरमध्ये पोचल्यावर ईएफआयचं १०० किंवा २६० एमबीचं छोटं पार्टिशन दिसेल. उबुंटू आणि मिंटला तेच पुरतं. ते वापरायचं, त्यावर फॉरमॅटची खूण करायची नाही, कारण विंडोजचा बूटलोडर तिथंच आहे. लिनक्सचीच पॉप ओएस ही आवृत्ती मात्र कर्नलही ईएफआयमध्ये ठेवते, तिला १०० एमबी पुरत नाही. तिच्यासाठी १ जीबीचं वेगळं ईएफआय पार्टिशन बनवा.

टाकून झालं की विंडोज एकदा आणि लिनक्स एकदा सुरू करून पाहा. मग लिनक्समध्ये डीएफ -एच आणि एलएसबीएलके -एफ दोन्ही देऊन पडद्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. पुढे अडचण आली आणि कुणाला मदत मागितली, तर पहिल्यांदा तोच फोटो पाठवा. होममध्ये किती जागा आहे एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.